सोळावा पहिल्याला हरवतो तेव्हा

चौसष्ट संघांची बाद पद्धतीची स्पर्धा भरवायची आहे. हरला तो संघ बाहेर. एकूण किती सामने खेळवावे लागतील? हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले पहिल्या फेरीचे ३२, दुसरीचे १६, मग ८, ४, २ आणि १ अशी बेरीज करून ६३ हे उत्तर काढतील. एखादी मुलगी मात्र बेरीज न करताच सांगेल : प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो, शेवटी एकच उरायला हवा, म्हणजे ६३ संघ बाद करायचे, म्हणून सामनेही ६३. हेच चौसष्ट संघ साखळी पद्धतीने खेळवले, म्हणजे प्रत्येकाची गाठ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा घालून दिली, तर २०१६ सामने होतील. बाद पद्धतीत केवढी बचत होते पाहा! पण ही बचत फुकटात पडत नाही. तिची किंमत कोण मोजतो आणि किती, हे समजून घ्यायला अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा हे फार चांगले उदाहरण आहे.

बास्केटबॉल हा खेळच मुळी एका शिक्षकाने शोधलेला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात वर्गाला बंद सभागृहात खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि खेळाचे नियम लिहून काढले. आज तिथल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयाचा संघ असतो. यांतील वरच्या श्रेणीच्या निवडक संघांची स्पर्धा एन.सी.ए.ए. ही संस्था दर वर्षी मार्च महिन्यात भरवते. पुरुषांची स्पर्धा १९३९ साली आठ संघांवर सुरू झाली आणि १९८५ साली चौसष्टांची झाली. (पुढे २००१ मध्ये ६५ आणि २०११ मध्ये ६८ संघ घेण्यात आले, पण जादा संघांची छाटणी आधीच होते आणि मुख्य तक्ता चौसष्टांचाच राहिला.) या दिवसांत तिथले लोक कामधाम विसरून सामने पाहतात. त्यामुळे या स्पर्धेला ‘मार्च मॅडनेस’, म्हणजे मार्चमधले वेड, असेच नाव पडले आहे.

चौसष्ट संघांचे चार विभाग करतात. प्रत्येक विभागातील सोळा संघांना एक समिती १ ते १६ अशी मानांकने देते. पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, तिसऱ्याची चौदाव्याशी आणि शेवटी आठव्याची नवव्याशी. बलाढ्य संघांनी सुरुवातीलाच एकमेकांना बाद करू नये हा यामागचा हेतू. मग हे सोळावे मानांकन मिळते कोणाला? बहुधा एखाद्या लहान महाविद्यालयाला. आपल्या छोट्याशा गटातील स्पर्धा जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेत हक्काने प्रवेश मिळतो. मग पहिल्याच सामन्यात देशातल्या सर्वोत्तम संघापुढे उभे राहायचे, भरपूर फरकाने हरायचे आणि घरी यायचे. १९८९ मध्ये सोळाव्या मानांकनाचा प्रिन्स्टन विद्यापीठाचा संघ जॉर्जटाउनकडून ४९-५० असा एका गुणाने हरला, त्याची आठवण लोक वर्षानुवर्षे काढत राहिले. कारण तोही हरलाच होता!

१६ मार्च २०१८ च्या रात्रीपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत पहिला विरुद्ध सोळावा असे १३५ सामने झाले होते आणि सोळावा संघ १३५ वेळा हरला होता. त्या रात्री उत्तर कॅरोलिनातील शार्लट शहरात व्हर्जिनिया विद्यापीठाची गाठ मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील संघाशी होती. लांबलचक नावामुळे सगळे या विद्यापीठाला यू.एम.बी.सी. म्हणतात. ते तोवर बुद्धिबळाच्या संघासाठी अधिक प्रसिद्ध होते. व्हर्जिनियाने त्या मोसमात ३१ सामने जिंकले होते आणि फक्त दोन गमावले होते. चारही विभागांतील अव्वल संघांमध्ये त्यांचा क्रमांक पहिला. ते वीस गुणांनी जिंकतील असा जाणकारांचा अंदाज होता. मध्यंतराला गुण होते २१-२१. त्यानंतर यू.एम.बी.सी.ने अवघ्या वीस मिनिटांत ५३ गुण केले आणि सामना ७४-५४ असा जिंकला. वीस गुणांचा अंदाज अगदी बरोबर ठरला, फक्त बाजू चुकली.

महिलांच्या स्पर्धेत हे आधीच घडले होते. १९९८ मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असे हरवले होते. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू ऐन वेळी जायबंदी झाल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. व्हर्जिनियाचाही एक महत्त्वाचा खेळाडू, डीआंद्रे हंटर, मनगटाचे हाड मोडल्याने २०१८ च्या त्या सामन्यात नव्हता. म्हणजे मानांकन पाहून आपण ज्या संघाची कल्पना करतो तोच संघ प्रत्यक्ष मैदानात उतरतो असे नाही.

पिशवीतले मणी

अशा निकालात नवल किती आणि गणित किती, हे वर्गात करून पाहता येते. एका पिशवीत सहा लाल आणि चार पांढरे मणी घ्या. लाल म्हणजे सरस संघ. न बघता एक मणी काढायचा, रंग नोंदवायचा आणि मणी परत पिशवीत टाकायचा. एकाच मण्यावर निकाल ठरवला तर सरस संघ शंभरात ६० वेळा जिंकेल. आता तीन मणी काढून ज्या रंगाचे मणी जास्त तो जिंकला असे ठरवा. लालच्या विजयाचे प्रमाण होते सुमारे ६५. पाच मणी काढले तर ६८. सात काढले तर ७१. एकवीस मण्यांना ते ८२-८३ पर्यंत चढते आणि १०१ मणी काढले तर ९८ वर जाते.

पिशवी तीच, मणीही तेच. लाल मण्यांचे वर्चस्व पहिल्यापासून होतेच. पण ते उघड व्हायला वेळ लागतो. थोड्या मण्यांत दुबळ्याला संधी असते, पुष्कळ मण्यांत ती विरून जाते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा, एन.बी.ए., बाद फेरीत दोन संघांना सातपर्यंत सामने खेळवते. चार जिंकेल तो पुढे. तिथे एखादा वाईट दिवस भरून काढता येतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत मात्र एकच सामना, चाळीस मिनिटांचा. तीन आठवड्यांत सगळे उरकायचे तर दुसरा मार्गही नाही. आपल्याकडे तालुका पातळीवरच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा एकच मैदान आणि एकच दिवस असल्याने याच पद्धतीने होतात. तिथे पहिल्या फेरीत बाद झालेल्या संघात चांगला खेळाडू असूच शकत नाही, असे निवड करणाऱ्याने समजू नये. आणि तीन तासांच्या एकाच परीक्षेवरून मुलाची पारख करणाऱ्या आपल्या शाळांच्या पद्धतीकडे पिशवीतला एक मणी हातात घेऊन पाहिले, तर मनात काही प्रश्न येतीलच.

संथ खेळ आणि लांबची फेक

मण्यांचा हा हिशोब एका सामन्याच्या आतही लागू पडतो. चेंडू हाती आल्यापासून तो टोपलीत पडेपर्यंत किंवा प्रतिपक्षाकडे जाईपर्यंतच्या खेळाला आपण एक चाल म्हणू. चाळीस मिनिटांत प्रत्येक संघाच्या साधारण सत्तर चाली होतात. म्हणजे सत्तर मणी काढल्यासारखेच. दुबळ्या संघाचा प्रशिक्षक चतुर असेल तर तो काय करील? मणी कमी काढायला लावील. चेंडू आपसांत फिरवत ठेवायचा, घाई करायची नाही, चालींची संख्याच कमी करायची.

प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यात वाकबगार होते. १९९६ मध्ये तेरावे मानांकन असलेल्या त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यू.सी.एल.ए.ला ४३-४१ असे हरवले. हे गुणच सांगतात की सामना किती थोड्या चालींत संपला. त्याआधी १९८५ च्या अंतिम सामन्यात आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे नमवले, तेव्हा त्यांनी सबंध सामन्यात फक्त २८ वेळा फेक केली आणि त्यातल्या २२ टोपलीत पडल्या. उत्तरार्धात तर दहाच फेकी, पैकी नऊ अचूक. इतक्या खालच्या मानांकनाचा विजेता त्यानंतर २०२५ पर्यंत झाला नाही. पुढच्याच मोसमापासून ४५ सेकंदांत फेक केलीच पाहिजे असा नियम आला. ती मुदत १९९३ मध्ये ३५ सेकंदांवर आणि २०१५ मध्ये ३० सेकंदांवर आली. चेंडू फिरवत बसण्याची दुबळ्यांची सोय बरीचशी गेली.

त्याच सुमारास त्यांना दुसरे एक साधन मिळाले. १९८६-८७ च्या मोसमापासून ठरावीक रेषेबाहेरून केलेल्या यशस्वी फेकीला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले. आता एक हिशोब करू. जवळून दोन गुणांची फेक दोनात एकदा यशस्वी होते असे धरा आणि लांबून तीन गुणांची फेक तीनात एकदा. दोन्हीची सरासरी सारखीच, दर फेकीला एक गुण. पण चढउतार सारखे नाहीत. गणिताच्या शिक्षकांनी प्रचरण काढून पाहावे : जवळच्या फेकीचे १ येते आणि लांबच्या फेकीचे २, म्हणजे दुप्पट. लांबून खेळणाऱ्या संघाचा दिवस एक तर फार चांगला जातो, नाही तर फार वाईट. सरस संघाला असले चढउतार नकोच असतात. ज्याला सरळ मार्गाने जिंकण्याची आशा नाही, त्याला मात्र ते हवे असतात.

आता शार्लटचा सामना पुन्हा पाहू. यू.एम.बी.सी.ने लांबून २४ फेकी केल्या, त्यातल्या १२ पडल्या. तीनात एक या हिशोबाने ८ पडायला हव्या होत्या. म्हणजे चार जास्त, १२ गुण जास्त. व्हर्जिनियाने लांबून २२ फेकी केल्या, पडल्या फक्त ४. सातेक पडायला हव्या होत्या. म्हणजे नऊ-दहा गुण कमी. दोन्ही मिळून २१-२२ गुणांचा फरक, आणि सामन्यातील अंतर होते २० गुणांचे! याचा अर्थ सगळे नशिबानेच झाले असे मी म्हणणार नाही. यू.एम.बी.सी.चे चपळ खेळाडू बचाव भेदून आत घुसत होते आणि त्यामुळे बाहेरच्यांना मोकळेपणी फेक करता येत होती. जैरस लाइल्स या एकट्याने २८ गुण केले. पण दोन्ही संघांच्या लांबच्या फेकी नेहमीसारख्या पडल्या असत्या तर हा सामना अटीतटीचा झाला असता, आणि अटीतटीत कोण जिंकले असते कोणास ठाऊक.

यात एक गंमत आहे. त्या वर्षी देशात सर्वांत कमी गुण देणारा आणि सर्वांत संथ खेळणाऱ्यांपैकी एक संघ होता तो व्हर्जिनियाच. भक्कम बचाव करून प्रतिस्पर्ध्याचा दम काढणे ही त्यांचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची पद्धत. मोसमभर ती यशस्वी झाली. पण चाली कमी करणे म्हणजे मणी कमी काढणे, आणि त्याचा फायदा दुबळ्याला होतो. ज्या शस्त्राचा उपयोग प्रिन्स्टन बलाढ्यांविरुद्ध करत असे, तेच व्हर्जिनियाने स्वतःवर चालवून घेतले असे म्हणता येईल.

गुणाकाराची करामत

आता सहा फेऱ्यांकडे वळू. विजेत्याला सलग सहा सामने जिंकावे लागतात. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की कोणत्याही सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता शंभरात ८० आहे. ०.८ ला सहा वेळा गुणले की येतात ०.२६. म्हणजे सर्वांत सरस संघ चारांतल्या तीन वर्षी विजेता होणार नाही! ९० टक्के धरले तरी निम्म्याहून थोडेच जास्त. चारही विभागांतील पहिल्या मानांकनाचे संघ उपांत्य फेरीत पोहोचले अशी १९८५ ते २०२५ मध्ये दोनच वर्षे सापडतात, २००८ आणि २०२५. उलट २०११ मध्ये त्या फेरीत तिसरा, चौथा, आठवा आणि अकरावा अशा मानांकनाचे संघ होते.

हाच गुणाकार दुबळ्यालाही सोडत नाही. यू.एम.बी.सी.चा संघ दोन दिवसांनी कॅन्सस स्टेटकडून ४३-५० असा हरला. एकदा चमत्कार घडणे कठीण, लागोपाठ दोनदा त्याहून कितीतरी कठीण.

सामन्यांआधी संपूर्ण तक्ता भरून ६३ निकालांचे भाकीत करायचे, हा तिथल्या लोकांचा मोठा छंद आहे. कचेऱ्यांतून, वसतिगृहांतून लाखो तक्ते भरले जातात. किती वेगवेगळ्या प्रकारे तक्ता भरता येईल? २ चा ६३ वा घात, म्हणजे ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८ प्रकारे. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे ठेवण्याची गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. त्यातल्या चौसष्टाव्या घरात नेमके एवढेच दाणे येतात! अर्थात जाणकार नुसता छापा-काटा करत नाही. पण त्याचा प्रत्येक अंदाज बरोबर येण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी सगळे ६३ जुळण्याची शक्यता सुमारे पावणेसहाशे कोटींत एक येते. २०१४ मध्ये वॉरन बफे यांच्या पाठबळावर अचूक तक्त्याला शंभर कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. चौदाव्या मानांकनाच्या मर्सर विद्यापीठाने बलाढ्य ड्यूकला हरवले ते याच वर्षी. पहिली फेरी संपण्याआधीच स्पर्धेतला एकही तक्ता शाबूत उरला नाही. पुढे २०१९ मध्ये एका तक्त्यातील पहिले ४९ अंदाज बरोबर आल्याची नोंद आहे. पन्नासावा चुकला.

ते २०१९ साल व्हर्जिनियाचेही होते. सोळाव्याकडून हरलेला पहिला संघ म्हणून वर्षभर थट्टा सोसलेले बरेचसे तेच खेळाडू पुन्हा पहिले मानांकन घेऊन आले. पहिल्याच सामन्यात सोळाव्या मानांकनाच्या गार्डनर-वेबने त्यांना चौदा गुणांनी मागे टाकले तेव्हा प्रेक्षकांच्या मनात काय आले असेल! तो सामना त्यांनी ७१-५६ असा सावरला. पुढे पर्ड्यूविरुद्ध अखेरच्या क्षणी बरोबरी साधून जादा वेळेत जिंकले. ऑबर्नविरुद्ध अवघे ०.६ सेकंद उरले असताना काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले, तिन्ही त्याने टोपलीत टाकले, ६३-६२. अंतिम सामनाही जादा वेळेत गेला आणि टेक्सास टेकविरुद्ध ८५-७७ असे विजेतेपद मिळाले. २०१८ मध्ये ते जितके वाईट दिसले तितके वाईट नव्हते, आणि २०१९ मध्ये तीन सामने केसाच्या अंतराने त्यांच्या बाजूला झुकले. मात्र सगळ्यांनाच अशी दुसरी संधी मिळत नाही. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कित्येक खेळाडूंसाठी त्या चाळीस मिनिटांबरोबर खेळच संपतो. साखळीऐवजी बाद पद्धत घेऊन जे दोन हजारांवर सामने वाचवले, त्यांची किंमत ही मुले मोजतात. आणि तरीही यू.एम.बी.सी.सारख्या संघांसाठी दार उघडे राहते ते याच पद्धतीमुळे. साखळीत त्यांचे नाव कोणी ऐकले नसते.

न्यू जर्सीच्या पाण्यात काय आहे?

२०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने केंटकीला जादा वेळेत हरवले आणि वाटेत आणखी दोघांना गारद करत शेवटच्या आठांत मजल मारली. पंधरावा संघ तिथवर प्रथमच पोहोचला होता. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाने पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. यू.एम.बी.सी.नंतर असे करणारा हा दुसराच पुरुष संघ. उंचीने वरच्या श्रेणीतला सर्वांत बुटका हा संघ, आणि समोर झॅक ईडी हा सात फूट चार इंचांचा खेळाडू! त्याच वर्षी पंधराव्या प्रिन्स्टनने दुसऱ्या मानांकनाच्या ॲरिझोनाला नमवले. सेंट पीटर्स, फेअरली डिकिन्सन आणि प्रिन्स्टन तिन्ही न्यू जर्सी राज्यातली. जर्सी सिटी, प्रिन्स्टन ही नावे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या पत्रांतून आपल्या ओळखीची झालेली आहेत. तेव्हा न्यू जर्सीच्या पाण्यातच काही आहे का, असे कोणालाही वाटेल.

आकडे मात्र वेगळेच सांगतात. १९८५ ते २०२५ या काळात (२०२० ची स्पर्धा कोविडमुळे झाली नाही) ४० स्पर्धा झाल्या. दुसरा विरुद्ध पंधरावा असे दर वर्षी चार, म्हणजे १६० सामने. त्यांतले ११ पंधराव्याने जिंकले, शंभरात सुमारे सात. मग एखाद्या वर्षी चारांपैकी निदान एक तरी धक्का बसण्याची शक्यता किती? चारही सामने मानांकनाप्रमाणे होण्याची शक्यता ०.९३ चा चौथा घात, म्हणजे ०.७५. उरले ०.२५. चाळीस वर्षांत अशी दहा वर्षे यायला हवीत. प्रत्यक्षात आली तीही दहाच : १९९१, १९९३, १९९७, २००१, २०१२ (या वर्षी दोन), २०१३, २०१६, २०२१, २०२२ आणि २०२३. अमुक एका सामन्यात धक्का बसणे दुर्मिळ. पण कुठेतरी, कधीतरी तो बसणे जवळजवळ ठरलेले. पाचव्याला बाराव्याने हरवण्याचे प्रमाण तर शंभरात पस्तीसच्या आसपास आहे. त्यामुळे एकही बारावा संघ जिंकला नाही अशी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

वरच्या वर्षांची मांडणी नीट पाहा. २००१ नंतर सलग दहा स्पर्धा कोरड्या गेल्या आणि २०२१ पासून लागोपाठ तीन वर्षे धक्के बसले. निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी समान अंतरावर येत नाहीत, त्यांचे असेच घोळके होतात. खात्री करून घ्यायची तर पिशवीत चौदा लाल आणि एक पांढरा मणी टाका. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने चार वेळा मणी काढावा, दर वेळी परत टाकावा, आणि एकदा तरी पांढरा आला की हजेरीपटावरील आपल्या क्रमांकापुढे फुली करावी. नऊ-दहा फुल्या मिळतील, कधी सहा, कधी तेरा. फळ्यावर चाळीस क्रमांक ओळीने लिहून फुल्या मांडल्या की बहुधा कुठेतरी दोन-तीन शेजारी शेजारी बसलेल्या दिसतील आणि कुठेतरी सात-आठ घरे रिकामी. त्या शेजारच्या मुलांनी मणी काढण्याची काही युक्ती केली होती का, हे वर्गालाच विचारावे.